तुम्ही विचारलंत म्हणून : ‘फॉरमॅट करू का?’

हा प्रश्न मला बहुतेक वेळा फोनवर विचारला जातो आणि विचारणाऱ्याचं बोट तेव्हा माऊसवरच असतं. एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली, ड्राइव्हचं अक्षर दिसलं, क्लिक केलं तर विंडोज म्हणतंय की वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे म्हटल्यावर ओळखीचे आणि त्यांच्या ओळखीचे सगळे विचारतात : दादा, करू का?

नको. कॅन्सल म्हणा, डिस्क काढून ठेवा, मग बोलू.

विंडोज खोटं सांगत नाही, अर्धवट सांगतं. कुठली फाइल कुठे ठेवलीय याची डिस्कवर एक नोंदवही असते. ती वाचता येत नाहीये, एवढंच त्याला कळलेलं असतं. फोटो जागच्या जागी असू शकतात. फॉरमॅट केलं की नवी कोरी वही सुरू होते. क्विक फॉरमॅट असेल तर जुनं बरंचसं उकरून काढता येतं, पण फुल फॉरमॅट म्हणजे विंडोज व्हिस्टापासून अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहिणं. त्यानंतर ब्रह्मदेव आला तरी काही होत नाही. हल्लीच्या एसएमआर पद्धतीच्या, म्हणजे लिखाणाचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून जास्त मावेल असं करणाऱ्या काही पोर्टेबल डिस्कना तर क्विक फॉरमॅटही भोवतं. त्यांना ट्रिम नावाची आज्ञा कळते. एकदा जागा रिकामी म्हणून सांगितली की तिथलं जुनं त्या वाचायलाच देत नाहीत, रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरला नुसती शून्यं मिळतात.

दुकानात आलेला माणूस विचारतो, ‘डिस्क दुरुस्त होईल का?’ मी उलट विचारतो, डिस्क हवीय की आतलं हवंय? माणूस माझ्याकडे बघतच राहतो, कारण त्याला दोन्ही एकच वाटतं. पण दुरुस्ती म्हणजे डिस्कवर लिहिणं, आणि डेटा काढायचा तर मरणाऱ्या डिस्कवर एक अक्षरही लिहायचं नसतं. चेकडिस्क हा विंडोजचा दुरुस्तीचा प्रोग्राम चालवून आलेल्या डिस्क मी बघतो तेव्हा जीव हळहळतो. नोंदी एकमेकींशी जुळाव्यात म्हणून तो न जुळणाऱ्या नोंदी काढून टाकतो. ‘बारसं’, ‘आजोबांची पंच्याहत्तरी’ अशा फोल्डरच्या जागी फाउंड.००० आणि आत सीएचके नावाचे तुकडे. डिस्क मात्र झकास उघडते!

आता खरी गोष्ट सांगायची तर बऱ्याच वेळा रोग इतका मोठा नसतोच. खिशात मावणारी अडीच इंची डिस्क पोर्टच्या विजेवर चालते. यूएसबी २.० च्या पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यायचे, ३.० च्या पोर्टने ९००, आणि तबकडी फिरायला सुरुवात होते त्या क्षणी डिस्क याहूनही जास्त ओढू शकते. स्वस्तातल्या हबला किंवा कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला लावली की ती फिरते, थांबते, परत फिरते. मागच्या पोर्टला थेट लावा. केबल बदलून बघा. ती रुंद, दोन खणांची पिन वर्षभर काढघाल करून सैल पडलेली असते.

टेबलावरच्या मोठ्या, साडेतीन इंची डिस्कला बारा व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. तो सापडत नाही म्हणून, पिन बसतेय तर बसवू, असं म्हणत लोक लॅपटॉपचा एकोणीस व्होल्टचा चार्जर घालतात. अशी डिस्क आली की मी आधी हिरव्या बोर्डावर वीज आत येते त्या जागेजवळचा टीव्हीएस डायोड शोधतो. मिरीएवढा काळा चौकोन, मल्टिमीटर लावला की दोन्ही बाजूंनी पीं करून ओरडणारा. जास्त व्होल्टेज आलं की हा स्वतः शॉर्ट होतो आणि मागच्या चिपांना वाचवतो. नशीब असेल तर तेवढा काढला की डिस्क फिरायला लागते. मग मात्र ती संरक्षणाशिवाय चालत असते, तेव्हा डेटा काढायचा आणि तिला सुट्टी द्यायची.

केस फोडून आतली डिस्क साटा केबलने, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्क जोडतात त्या केबलने, थेट लावायची, ही युक्ती सगळ्यांना माहीत झालीय. कधी ती चालते. पण काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीची पिन डिस्कच्याच बोर्डवर असते, साटा नसतोच. आणि काहींमध्ये तुम्ही पासवर्ड ठेवला नसला तरी सगळं एनक्रिप्ट होऊनच, म्हणजे सांकेतिक रूपातच, लिहिलं जातं आणि उलगडायचं काम केसमधल्या छोट्या बोर्डावर होतं. तो बोर्ड कचऱ्यात गेला की आतली डिस्क ठणठणीत असूनही वाचता येत नाही. म्हणून फोडलीत तरी काहीही टाकू नका, स्क्रूसुद्धा.

कान लावा. हलकी घरघर चांगली. टक, टक, टक, मग शांतता, परत टक : तबकडीवरचं वाचणाऱ्या हेडला आपली जागा सापडत नाहीये. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर वर तरंगत असतं, डोळ्याला न दिसणारी धूळही त्या फटीपेक्षा कितीतरी मोठी. असा आवाज आला की ‘अजून एकदा लावून बघतो’ म्हणू नका. दर वेळी तबकडीवर ओरखडा पडायची शक्यता असते, आणि खरवडून गेलेलं कुठलीच लॅब परत आणत नाही. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कुठून निघाला देव जाणे. बाहेर काढल्यावर आत दव धरतं, एवढंच.

फिरते आहे, दिसते आहे, पण कॉपी अडकतेय, फोल्डर उघडायला मिनिटं लागतायत, अशी डिस्क माझ्या हातची. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रामात सी५ या ओळीत शून्य सोडून काही दिसलं की समजायचं, वाचता न आलेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, रांगेत उभे आहेत. तेव्हा फाइली ओढून कॉपी करायच्या नाहीत. मी लिनक्सवर जातो आणि अख्ख्या डिस्कची दुसऱ्या डिस्कवर प्रत काढणारं डीडीरेस्क्यू लावतो. फुकट आहे आणि याच्याइतकं शहाणं साधन मी दुसरं पाहिलं नाही. ते आधी जे सहज येतंय ते उचलतं, अडलं की उडी मारून पुढे जातं, आणि सगळं गोळा झाल्यावर अवघड जागांकडे परत वळतं. कुठे काय राहिलं ते मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं, त्यामुळे डिस्क तापली तर थांबवून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे जाता येतं. मात्र कुठल्या डिस्कवरून कुठल्या डिस्कवर, हे एंटर दाबण्याआधी आकारासकट दोनदा वाचा. उलटं झालं तर रिकाम्या डिस्कची प्रत भरलेल्या डिस्कवर!

आकडा नव्व्याण्णव टक्क्यांवर जातो आणि मग तासन् तास हलत नाही. शेजारी बसलेला लग्नाचा फोटोग्राफर विचारतो, राहिलेला एक टक्का नेमका कुठला? ते आधी कळत नाही. मंगलाष्टकं असू शकतात, नाहीतर जेवणाच्या पंगती.

पुढचं सगळं त्या प्रतीवर. पार्टिशन, म्हणजे डिस्कचा आखलेला भाग, हरवलं असेल तर ते शोधून देणारा टेस्टडिस्क हा प्रोग्राम. नोंदवहीच गेली असेल तर त्याचंच भावंड फोटोरेक, तेही क्रिस्टोफ ग्रेनिए यांनी फुकट दिलेलं. ते नावं बघतच नाही. जेपीईजी फोटो एफएफ डी८ एफएफ या बाइटांनी सुरू होतो, ते असं काही दिसलं की तिथून फाइल उचलतं. फोटो येतात, नावं आणि फोल्डर येत नाहीत. मग एफ आणि लांबलचक आकडा अशा हजारो फाइली घेऊन बसायचं. कॅमेऱ्याने फोटोच्या आत घातलेली तारीख-वेळ शाबूत असते, त्यावर लावल्या की हळद, लग्न, वरात आपोआप वेगळी होते. व्हिडिओ मात्र डिस्कवर तुकड्यांत विखुरलेला असला तर असा धड निघत नाही, हे फोटोग्राफरला मी आधीच सांगून ठेवतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत घुसलं, त्यानंतर चिखलाच्या डिस्क आल्या. लोकांनी त्या उन्हात वाळवल्या होत्या, तांदळात पुरल्या होत्या. हार्ड डिस्क हवाबंद असते असा समज आहे. पण या पोर्टेबल डिस्कना हवेचा दाब सारखा राहावा म्हणून एक बारीक छिद्र असतं, आत फिल्टर असतो, आणि बुडाल्यावर तिथून पाणी जातं. वाळलं की गाळ तबकडीवर चिकटून बसतो. तेव्हा वाळवू नका, वीज तर देऊच नका. ओलसरच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि लवकरात लवकर लॅबकडे पाठवा. ऐकायला उलटं वाटतं, पण लॅबवाले हेच सांगतात.

लॅब म्हणजे जिथे धुळीविना खोलीत डिस्क उघडून हेड बदलतात. खर्च नव्या डिस्कच्या कितीतरी पट येतो, तेव्हा आत काय आहे ते आधी आठवा. नुसते सिनेमे असतील तर मी पाठवायला नको म्हणतो. पाठवणार असाल तर फोनवरच शंभर टक्के गॅरंटी देणाऱ्याकडे देऊ नका. डिस्क न बघता ती कुणालाच देता येत नाही. आधी तपासणी, मग निघालेल्या फाइलींची यादी, त्यातले दोन-चार फोटो उघडून दाखवा म्हणायचं, आणि पुरे पैसे त्यानंतर. चांगल्या लॅबला याचा राग येत नाही.