सातवाहन काळातला पायदळ शिपाई, चार सेंटिमीटरांत

लेगोत रोमन शिपाई करणं सोपं, कारण तो कंपनीनेच करून दिलाय. २०१२ साली आलेल्या मिनिफिगरच्या (मिनिफिग म्हणजे लेगोचा छोटा माणूस) सहाव्या मालिकेत तो आहे, चिलखत, शिरस्त्राण, आयताकृती ढाल सगळ्यासकट. 'आपला' प्राचीन शिपाई करायचा म्हटला की बहुतेक जण हाच उचलतात, डोक्यावर पगडी चढवतात, हातात वाकडी तलवार देतात आणि मागे सोलापूरच्या भुईकोटासारखा बुरूज रचतात. बुरुजावर तोफसुद्धा! एवढ्याशा बेसप्लेटवर (लेगोच्या सपाट तळावर) दीड हजार वर्षांची खिचडी.

इथे करायचाय तो इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासचा, सातवाहनांच्या काळातला पायदळ शिपाई. सोलापूरकरांना हा काळ परका नाही. पेरिप्लस या जुन्या ग्रीक प्रवासग्रंथात येतं ते तगर म्हणजे शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. काम सुरू करण्याआधी एक सवय लावून घ्यायची: शिपायाच्या अंगावरच्या प्रत्येक वस्तूला 'तू कुठे दिसलीस?' असं विचारायचं. उत्तर नसेल तर वस्तू उतरवायची. अचूक शिपाई भर घालून होत नाही, उतरवत उतरवत होतो.

आपले साक्षीदार मुख्यतः दोन. पहिला साक्षीदार सांचीच्या मोठ्या स्तूपाचं दक्षिण तोरण. त्यावर सातकर्णी या सातवाहन राजाच्या कारागिरांच्या प्रमुखाचा लेख आहे आणि मागच्या बाजूच्या सगळ्यांत खालच्या तुळईवर कुशीनगरच्या वेढ्याचं शिल्प आहे. कपडे, मुंडासं, ढालीचा घाट इथून घ्यायचा. दुसरा साक्षीदार ग्रीक इतिहासकार एरियन. हा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लिहितो, पण माहिती घेतो अलेक्झांडरचा नौदल प्रमुख निआर्कस याच्याकडून. त्यामुळे त्याचं वर्णन आपल्या शिपायाच्या सुमारे तीनशे वर्षं आधीचं आणि वायव्येकडचं आहे. धनुष्याची मापं मात्र इतक्या नेटकेपणाने दुसरीकडे मिळत नाहीत, म्हणून तो घ्यायचा, आणि घेतला हे खालच्या पाटीवर लिहायचं.

आता माप. मिनिफिग डोक्यावर काही न घालता साधारण ४० मिमी भरते. माणूस १६५ सेंमी धरला तर प्रमाण १:४१. पण हे फक्त उंचीचं. खांद्यांना हा हिशेब लावला तर रुंदी १०-११ मिमी हवी, आणि मिनिफिग हातांसकट २४ मिमीच्या आसपास पसरते. डोकंही जवळजवळ दुप्पट. म्हणून शस्त्रांची लांबी १:४१ ने काढायची आणि मुंडासं, ढालीची रुंदी अशा शरीराला भिडणाऱ्या गोष्टी मिनिफिगच्या अंगाप्रमाणे. सगळंच १:४१ ने केलं तर ढाल आइस्क्रीमच्या काडीसारखी दिसते.

अंगाला मीडियम नूगा किंवा तपकिरी रंगाचा कोरा धड-भाग घ्या. कोरा का, तर सांचीतले बरेच जण उघड्या अंगाचे आहेत, छातीवर फक्त भात्याचे आडवे-तिरके पट्टे. हात त्याच रंगाचे हवेत आणि ते दुसऱ्या धडातून काढावे लागतात. इथेच पहिला बळी जातो. हात बाहेरच्या बाजूला सरळ ओढला की धडाला काखेखाली उभी चीर पडते. धड ६० अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट ठेवा, मग हात फिरवत फिरवत हळूच बाहेर काढा. उकळतं पाणी नको, धड वाकडं होतं. पाच शिपाई करणार असाल तर दहा हात आणि दहा पंजे एकाच विक्रेत्याकडून घ्या. वेगवेगळ्या खेपेच्या छटा उन्हात शेजारी ठेवल्या की फरक कळतो. जुन्या रेडिश ब्राउन तुकड्यांपासून सावध राहा. एका ठरावीक काळातले हे तपकिरी भाग ठिसूळ निघतात, आणि क्लिप असलेले तर नुसतं दाबलं तरी तुटतात. बाजारात मिळणाऱ्या बिनकंपनीच्या मिनिफिगचे पाय आणि धड चालून जातात, पण पंजाची पकड कधी सैल, कधी इतकी घट्ट की भाला घालताना पंजाच फुटतो.

छातीचे पट्टे बारीक ब्रशने अ‍ॅक्रिलिकने रंगवलेले बरे. पारदर्शक डेकलवर (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रावर) साध्या प्रिंटरला पांढरा रंग छापता येत नाही, म्हणून तपकिरी अंगावर फिकट पट्टा गायब होतो. डेकल लावायचंच असेल तर बोअरच्या पाण्यात भिजवू नका, वाळल्यावर क्षारांचा पांढरा डाग राहतो. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या. आणि पंखा बंद ठेवा. मे महिन्यात डेकल जागेवर सरकवेपर्यंत वाळून चिकटलेलं असतं.

धोतर हा सगळ्यांत फसणारा भाग. पांढरी कंबर आणि अंगाच्या रंगाचे पाय जोडले की काम होईल असं वाटतं, पण शिपाई हाफ चड्डीतला दिसतो. कापडच हवं. सोलापुरात बसून कापडाची काय कमतरता, पण चादर आणि टॉवेल दोन्ही इथे बाद. जाड कापड धड आणि कंबर यांच्यामध्ये आलं की धड खाली बसत नाही, थोड्या वेळाने टुणकन वर येतं. जुन्या धुतलेल्या मलमलीचा तुकडा घ्या. एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी करून त्यात बुडवा, काचेवर पसरून वाळवा आणि मगच कापा. आधी कापलं तर कडेचे धागे सुटतात. १६ मिमी रुंद आणि २८ मिमी लांब पट्टी, मधोमध ५ मिमीची दोन भोकं, केंद्रांमधलं अंतर ८ मिमी. ही भोकं कंबरेच्या दोन खुंट्यांवर बसतात, पट्टी पुढे आणि मागे दहा-दहा मिमी लोंबते. पुढे ६ मिमी रुंदीच्या तुकड्याला तीन चुण्या घालून वेगळा चिकटवा, म्हणजे निऱ्या दिसतात. फेविक्विक वापरू नका, त्याच्या वाफेने आजूबाजूचं प्लास्टिक पांढुरकं पडतं.

मुंडाशासाठी लेगोचे तयार साचे आहेत, पण त्यांचा थाट नंतरच्या दरबाराचा. सांचीत केस आणि कापड एकत्र गुंडाळून पुढे किंवा बाजूला मोठी गाठ काढलेली असते. एका जादा डोक्याला व्हॅसलिन लावून त्यावर एम-सीलची पातळ वळी तिरकी गुंडाळा, पुढे वाटाण्याहून लहान गोळा दाबा, आणि घट्ट व्हायच्या आत एकदा काढून परत बसवा. हे विसरलात तर डोकं आणि मुंडासं कायमचं एक. उन्हाळ्यात एम-सील लवकर धरतं, म्हणून एका वेळी एकाच मुंडाशापुरतं मळा. फक्त मूळ तुकडेच वापरायचे असा बाणा असणाऱ्यांना हे चालणार नाही. त्यांनी अंबाडा असलेला केसांचा तुकडा घ्यावा, थोडं कमी अचूक पण भांडण नाही.

धनुष्य. एरियन म्हणतो की ते धनुर्धराच्या उंचीएवढं असतं, जमिनीवर टेकवून डाव्या पायाने रेटत ताणतात, आणि बाण तीन हातांपेक्षा किंचित कमी. म्हणजे आपल्याकडे धनुष्य ४० मिमी, बाण सुमारे ३३ मिमी. लेगोचं नेहमीचं धनुष्य (क्रमांक ४४९९) हातात धरायला छान, पण या वर्णनापुढे ते पोरखेळ. ३ मिमीची कडक नळी ६ स्टड (लेगोच्या तुकड्यावरचे गोल उंचवटे) लांब, म्हणजे ४८ मिमी घ्या. गरम पाण्यात मऊ करून वाकवा आणि थंड होईपर्यंत तसंच धरून ठेवा. टोकांमधलं सरळ अंतर ४०-४२ राहतं. बाणाला चार स्टडचा बार लांबीने अगदी बसतो, ३२ मिमी, पण जाडी मोजली तर खऱ्या मापात तो १३ सेंमी जाडीचा वासा होतो! खराट्याची बारीक काडी कापून घ्या. पंजात धरायला बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलीचा ४ मिमी तुकडा पंजात बसवा आणि काडी त्यातून घाला. सैल वाटली तर रिफिलीला सेलोटेपचा एक फेरा. प्रत्यंचेला शिवणाचा सगळ्यांत बारीक दोरा. चादरीचं सूत या मापात दावं दिसतं.

अडचण पुढेच आहे. मिनिफिगचा पाय पुढे-मागे हलतो, बाजूला नाही, आणि कोपर नाही. त्यामुळे खांद्यापर्यंत प्रत्यंचा ओढलेला आविर्भाव कधीच नीट जमत नाही. एरियनचं वर्णन मात्र जमतं: धनुष्याचं खालचं टोक बेसप्लेटवरच्या १×१ च्या भोकाच्या गोल प्लेटमध्ये रोवायचं, डावा पाय ३०-४० अंश पुढे उचलून त्याचा तळवा धनुष्याला टेकवायचा. उजवा पाय मागच्या स्टडवर घट्ट. असं उभं केलं की मिनिफिगची ही मर्यादाच कामाला येते.

ढाल एरियनच्या मते न कमावलेल्या बैलाच्या कातड्याची, अंगापेक्षा अरुंद पण जवळजवळ तेवढीच लांब. सांचीतल्या ढाली वर गोल, खाली सपाट. नक्षी बहुधा एकमेकांवर बसवलेल्या उभ्या आणि तिरक्या फुलीची. बाद झालेल्या एटीएम कार्डातून ३४ × १५ मिमीचा तुकडा कापा, वरच्या कडेला गोलाई द्या, बारीक पॉलिश पेपर मारून मग रंगवा. न घासता रंगवलेला रंग नखाने निघतो. मागे हँडल असलेली १×२ प्लेट चिकटवा, पंजा त्या दांडीला धरतो. रंगाबद्दल शिल्प गप्प आहे. न कमावलेलं कातडं म्हणजे केस असलेलं धरलं तर पांढरट-करडी खिलार छटा चालेल, पण हा निव्वळ आपला अंदाज.

तलवार रुंद, तीन हातांहून मोठी नाही. लेगोची नेहमीची छोटी तलवार (३८४७) चालते, मात्र तिची आडवी मूठ युरोपातल्या सरदाराची आहे. ती कटरने तासून मुठीलगत आणा. कटर आपल्यापासून दूर चालवा. अ‍ॅसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर साफसफाईला कधीच नको, एबीएस (लेगोचं प्लास्टिक) विरघळतं.

पाच शिपायांत तीन धनुर्धर आणि दोन भाला-ढालवाले असे ठेवा. पाच हा आकडाही उगाच नाही: पत्तीत, म्हणजे प्राचीन सैन्याच्या सगळ्यांत छोट्या तुकडीत, एक रथ, एक हत्ती, तीन घोडे आणि पाच पायदळ. ग्रीक वकील मेगॅस्थनीसच्या हवाल्याने हत्तीवर माहुतासह चार आणि रथात सारथ्यासह तीन माणसं धरली तर एका पत्तीला पंधरा मिनिफिग लागतात. मागे बुरूज नको. तेरच्या त्रिविक्रम मंदिरासारखी विटांची भिंत, डार्क ऑरेंज आणि रेडिश ब्राउनच्या १×२ ब्रिक मिसळून. मांडणी पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नका, धोतराआधी पांढरे प्लास्टिकचे तुकडे पिवळे पडतात.