गराज सेल: पुढच्या हिवाळ्याची खरेदी जूनमध्ये

एप्रिल सरत आला की अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या आमच्या उपनगरात नाक्यानाक्यावर हाताने लिहिलेल्या पाट्या दिसू लागतात. एक बाण, घराचा पत्ता, 'शनिवार, सकाळी ८'. घरात नको झालेलं सामान लोक गराजमध्ये घडीच्या टेबलांवर मांडतात, वस्तूंवर किमतीचे स्टिकर चिकटवतात आणि शेजारी खुर्ची टाकून कॉफी पीत बसतात. पावती नाही, परत घेणं नाही. ऑक्टोबरची थंडी पडेपर्यंत दर शनिवारी कुठे ना कुठे हे चालूच असतं.

"म्हणजे लोकांचं वापरलेलं घेता?" सासूबाईंनी सांगलीहून फोनवर विचारलं होतं. मी म्हटलं, "अहो आई, तुमच्या नातवाला बारशापर्यंत तुम्हीच जुनी, धुऊन मऊ झालेली झबली घातलीत की!" त्या हसल्या, पण चपला-बुटांबाबत त्यांचं मत अजून तेच आहे. त्यात तथ्यही आहे. रोजचे बूट दुसऱ्याच्या पायाप्रमाणे दबलेले असतात, ते मी घेत नाही. बर्फातल्या बुटांची गोष्ट वेगळी.

इथे हिवाळ्यात मधल्या सुट्टीत मुलांना बाहेर खेळायला सोडतात. त्यासाठी स्नो पँट, जाड बूट, पाणी न शिरणारे हातमोजे लागतात. दुकानात हे सगळं नवं घेतलं तर शंभर डॉलरच्या आसपास जातात, आणि मोजक्या बर्फाच्या दिवसांनंतर पुढच्या वर्षी पोराचा पाय वाढलेला. घरोघरी हेच होतं, म्हणून जवळजवळ कोरे बूट टेबलावर येतात आणि जूनच्या उकाड्यात त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. दोन-तीन डॉलरला मिळतात. त्यामुळे माझ्या फोनमधली यादी पुढच्या वर्षाची असते: एक-दोन साइझ मोठं जॅकेट, वीस इंची चाकांची सायकल, हॅलोविनचा एखादा पोशाख. गोष्टीची पुस्तकं मात्र यादीत नसली तरी उचलते. पंचवीस-पन्नास सेंटला पुस्तक मिळत असताना यादी कोण बघतो?

कुठे जायचं हे आदल्या रात्री फेसबुक मार्केटप्लेस नि क्रेगलिस्ट या छोट्या जाहिरातींच्या साइटी बघून ठरवते. एकेका घरामागे गाडी पळवण्यात पेट्रोलचेच पैसे जातात. त्यापेक्षा अख्ख्या सबडिव्हिजनचा, म्हणजे घरांच्या वसाहतीचा, एकाच दिवशी सेल असेल तर गाडी लावून पायी फिरता येतं. नव्या वसाहतींत तरुण कुटुंबं असतात, तिथे सायकली आणि खेळणी. जुन्या वस्तीत 'इस्टेट सेल' लागतात. म्हातारं माणूस गेलं किंवा वृद्धाश्रमात हललं की घरातलं सगळंच विकायला काढतात, आणि बहुतेक वेळा ते काम एखादी कंपनी करते. पहिल्या दिवशी भाव चढे, शेवटच्या दिवशी बऱ्याचदा निम्मे. परक्या बाईच्या स्वयंपाकघरातले ड्रॉवर उघडताना सुरुवातीला फार अवघडायला होतं. पण बिडाचा तवा मिळावा तर इथेच. ग्रिसवोल्ड कंपनीचे, पेनसिल्वेनियातल्या ईरी गावात ओतलेले जुने तवे आजच्यापेक्षा हलके आणि गुळगुळीत असतात. त्यावर थालीपीठ असं सुटतं की बघत राहावं. गंज घासून काढता येतो, पण तडा गेलेला तवा दुरुस्त होत नाही, म्हणून बोटाने टकटक करून बघायचं: बद्द आवाज आला की ठेवून द्यायचा. काही लोक अशाच भांड्यांत मासेमारीच्या वजनांसाठी शिसं वितळवत, तेव्हा आत राखाडी धातूचे थेंब दिसले तर हातही लावू नये. आपल्या लोकांना कोरेलच्या प्लेटा फार आवडतात, पण जुन्या नक्षीच्या रंगात शिसं असू शकतं; २००५ पूर्वीच्या प्लेटा शोभेसाठीच वापरा, असं कंपनीनेच सुचवलं आहे.

बाळाच्या सामानाबाबत मी कुणाचं ऐकत नाही. नव्याने आलेल्या मैत्रिणी विचारतात, "क्रिब इतका छान आहे, घेऊ का?" एक बाजू खाली सरकणारे पाळणे २८ जून २०११ पासून अमेरिकेत विकायलाच बंदी आहे, कारण त्यांत अडकून बाळं दगावली होती. ही बंदी गराज सेललाही लागू आहे, पण विकणाऱ्या आजोबांना ते माहीत असेलच असं नाही. कार सीटला मुदत असते, साधारण सहा ते दहा वर्षं. तारीख तिच्यावरच छापलेली असते. आणि ती एखाद्या अपघातातून गेली असेल तर वरून काही कळत नाही. हेल्मेटचंही तसंच. या दोन वस्तू नव्याच घ्याव्यात. गाद्याही नाहीत, ढेकणांमुळे. बाकी खेळण्यांचं मॉडेल धोकादायक म्हणून परत मागवलेलं तर नाही ना, हे तिथेच उभं राहून अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या संकेतस्थळावर तपासता येतं, दोन मिनिटांचं काम.

विजेची वस्तू प्लगला लावून दाखवा म्हटलं की कुणी रागावत नाही. मात्र "भारतात मावशीला देऊ" म्हणून मिक्सर घेणाऱ्यांना मी थांबवते. इथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. लावल्या लावल्या मोटार जळेल.

घासाघीस चालते, पण मंडईतली नाही. एकेका वस्तूवर हुज्जत घालण्यापेक्षा पाच-सहा गोष्टी एकत्र धरून "सगळ्याचे दहा घ्याल का?" असं हसून विचारलं की बहुधा होकार येतो. सुट्टे हवेतच, सकाळी सकाळी वीसची नोट काढली तर विकणाऱ्याचा चेहरा पडतो. टेबलाशेजारी त्यांची मुलं लिंबाचं सरबत विकत असतील तर तिथे भाव करू नये, सरबत कितीही गोडमिट्ट असलं तरी.

ऑगस्टमध्ये आमच्या शहराजवळून जाणाऱ्या १२७ नंबरच्या रस्त्यावर जगातला सर्वांत लांब म्हणवला जाणारा सेल भरतो, मिशिगनमधल्या ॲडिसनपासून अलाबामातल्या गॅड्सडेनपर्यंत, सुमारे ६९० मैल. १९८७ पासून चालू आहे. बघायला जरूर जावं. पण घराच्या गरजा तिथे भागत नाहीत, तो जुन्या बाटल्या, बिल्ले, पाट्या जमवणाऱ्यांचा मेळा आहे.

आणलेले कपडे ढेकणांच्या भीतीने मी घरात नेण्याआधी गराजमध्येच पिशवीची गाठ मारून ठेवते आणि तिथून थेट कडक तापवलेल्या ड्रायरमध्ये टाकते. अर्धा-पाऊण तास. मग धुणं. लेबल बघून घ्या, लोकर आटते.