आजी, डहाळे आणि कांडी

"लॅब्राडोर आहे काय?" रविवारी आमच्या निवाऱ्याचं फाटक उघडलं की पहिला प्रश्न हा. दुसरा, "पिल्लू असेल तर दाखवा, पण नर पायजे हं, मादी नको." तिसरा प्रश्न बहुतेक वेळा येतच नाही. तोवर माणसं परत गाडीत जाऊन बसलेली असतात.

बेळगावच्या बाहेर, भटक्या आणि मालकांनी सोडून दिलेल्या कुत्र्यांच्या एका निवाऱ्यात मी काम करते. कागदावर हुद्दा भारदस्त आहे. प्रत्यक्षात पिंजरे धुवायचे, भात शिजवायचा, डॉक्टर सुई टोचताना कुत्र्याचं तोंड धरायचं आणि उरलेल्या वेळात त्यांच्यासाठी घरं शोधायची. घरं शोधायचं काम सगळ्यात अवघड, आणि अलीकडं तर फारच.

खरं तर निरोगी भटक्या कुत्र्यानं निवाऱ्यात राहणं हे नियमांनाही अपेक्षित नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे त्याची नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, ओळखीसाठी कानाला खाच पाडायची आणि उचललं त्याच भागात परत सोडायचं. पण ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला, की शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्टेशनं इथली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, परत तिथं सोडू नका. त्या आदेशावर वाद घालायला मी बसलेली नाही. चावा घेतलेली लहान पोरं मीही बघितली आहेत. मला रोज दिसतं ते एवढंच, की पिंजरे होते तेवढेच आहेत आणि फोन वाढलेत. अशा आत आलेल्या कुत्र्याला बाहेर पडायची एकच वाट उरते, ती म्हणजे कुणाचं तरी घर.

संक्रांत होऊन गेल्यावरचा रविवार होता. थंडी होती, पण ऊन चांगलं पडलेलं. सकाळी कॉलेजच्या मुली आल्या, पिल्लांबरोबर फोटो काढून गेल्या. एका कुटुंबाला पांढरं पामेरियन हवं होतं. एक पोरगा मुधोळ बघायला आला होता. आमच्याकडं तेव्हा एक मुधोळ होता, उंच, सडसडीत, फ्लॅटमध्ये आवरेना म्हणून मालकानं आणून सोडलेला. ऑगस्ट २०२० मध्ये 'मन की बात'मध्ये या जातीचं नाव निघालं आणि जो तो मुधोळ मागू लागला. हे कुत्रं मोकळ्या माळावर सशामागं पळण्यासाठी जोपासलेलं, परक्या माणसाचा हातही त्याला फारसा खपत नाही. पोरग्यानं विचारलं, "रीलमध्ये पळेल काय?" मी म्हटलं, "पळेल, पण परत येईल याची खात्री नाही." तो हसला आणि गेला.

या सगळ्या गडबडीत कांडीकडं कुणी बघितलं नाही. तसं कुणी बघतच नसे.

कांडी चिकोडीकडच्या उसातली. गळीत हंगामात तोडणीच्या टोळ्या येतात, त्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडतात, कोप्यांभोवती कुत्री जमतात. हंगाम संपला की टोळी सामान भरून गावाकडं जाते आणि कुत्री मागं राहतात. कांडीची आई अशीच मागं राहिलेली. पावसाळ्यात ती उभ्या उसात व्याली आणि पुढची तोड सुरू झाली तेव्हा पिल्लं सापडली. तोवर ती चार महिन्यांची झाली होती, आणि आमच्या कामात हेच नेमकं वाईट.

पिल्लाचं साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचं वय हातचं गेलं तर फार महागात पडतं. त्या दिवसांत त्यानं जे बघितलं, हुंगलं, ऐकलं ते त्याचं आपलं होतं. जे वाट्यालाच आलं नाही, त्याचा पुढं संशय येत राहतो. कांडीच्या वाट्याला ऊस, चिखल, उंदीर आणि पाऊस आला होता. माणसाचा हात तिनं पहिल्यांदा बघितला तो जाळी टाकणारा.

ती कधी चावली नाही. कुणी पिंजऱ्यासमोर आलं की मागच्या कोपऱ्यात तोंड घालून बसायची, एवढंच. लोक विचारायचे, "आजारी आहे काय?" नाही म्हटलं की, "मग माणूसघाणी दिसतीय." शेपूट हलवणाऱ्या कुत्र्याला घर मिळतं आणि ज्याला घराची खरी गरज असते त्याची शेपूट पोटाखाली असते. या धंद्यातला हा अन्याय मला अजून पचलेला नाही.

तिच्यासाठी आम्ही काय केलं? बराचसा वेळ काहीच न करता बसलो. मी पिंजऱ्यात तिच्याकडं पाठ करून बसायचे आणि 'तरुण भारत' मोठ्यानं वाचायचे. निधन वार्ता, बाजारभाव, जे हाताला लागेल ते. मध्येच न बघता उकडलेल्या अंड्याचा तुकडा मागं टाकायचा. डोळ्याला डोळा द्यायचा नाही. डोक्यावर हात ठेवायचा नाही, कारण आपली ती माया असते आणि घाबरलेल्या कुत्र्याला तो वरून येणारा वार वाटतो. पुढं मोबाईलवर कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची बेल, फटाके असे आवाज अगदी बारीक लावायचे, अंडं टाकत राहायचं आणि आठवड्या-आठवड्यानं आवाज थोडा चढवायचा. निवाऱ्यात वाढलेल्या कुत्र्याला घर म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. फरशीवरून पाय घसरतो, डोक्यावर पंखा फिरतो, आरशात अनोळखी कुत्रं उभं असतं. एवढं सगळं करून कांडी कुठवर आली होती? आमच्या निवाऱ्यातल्या मामांकडून गळ्यात पट्टा घालून घेण्यापर्यंत. (मामा कुत्र्यांना कानडीत हाका मारतात, मी मराठीत, डॉक्टर इंग्रजीत. भाताचं घमेलं वाजलं की भाषेचा प्रश्न सुटतो.)

दुपारी एक पुणे पासिंगची गाडी आली. चाळिशीचा माणूस उतरला. जांबोटीच्या पलीकडं जंगलालगत त्यांचं घर, वडील गेलेले, आई एकटी राहते, हा चाकणला कंपनीत. त्याला राखणीला कुत्रं हवं होतं.

"जरा तिखट बघा मॅडम. अल्सेशन असेल तर बरं. अंगणात साखळीला बांधतो, रात्री सोडतो."

"रात्री बाहेर?"

"मग राखण कशी करणार?"

मी म्हटलं, "दादा, तुमच्याकडं बिबट्या आहे. अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला आवतण." नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास झाला होता, त्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला, हेही सांगितलं. मग नेहमीचे प्रश्न विचारले. दिवसभर कोण बघणार, आजारी पडलं तर डॉक्टरकडं कोण नेणार, आईंना विचारलंय का. तो वैतागला. "एवढी चौकशी तर आमच्या सोयरिकीत झाली नव्हती."

"आई कुठायत?" मी विचारलं.

आई गाडीत उकडतं म्हणून उतरून आत आल्या होत्या. त्यांना कुत्र्यात काडीचा रस नव्हता. वाटेत घेतलेली हरभऱ्याच्या डहाळ्यांची पेंडी त्यांच्या मांडीवर होती. गुडघ्यामुळं खाली बसता येत नव्हतं, म्हणून मामांनी प्लॅस्टिकचं स्टूल दिलं होतं. डोळ्यांवर ऊन येतंय म्हणून त्यांनी ते फिरवून पाठमोरं ठेवलं होतं, नेमकं कांडीच्या पिंजऱ्याला लागून. मामांशी गुडघ्याच्या तेलाबद्दल बोलत त्या घाटे सोलत होत्या. अर्धे दाणे तोंडात, टरफलं खाली, एखादा दाणा निसटून जाळीतून आत.

मी आणि दादा बोलत होतो आणि बोलता बोलता माझं वाक्य मध्येच राहिलं. कांडी कोपऱ्यातून उठली होती.

मागचे पाय मागंच ठेवून, मान लांब करून, पोट जमिनीला घासत ती पुढं येत होती. हे कुत्र्याचं पळायची तयारी ठेवून पुढं येणं असतं. एक दाणा हुंगला. खाल्ला. परत मागं. परत पुढं. शेवटी जाळीला नाक लावून आजींच्या पदराचा वास घेत उभी राहिली. जिथं पोचायला मला महिनोन् महिने लागले होते, तिथं ती आज दाण्यामागं दाणा वेचत आपली आपण आली होती. आणि आजी जे करत होत्या ते सगळं पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. पाठ फिरवलेली, नजर दुसरीकडं, हात सावकाश चाललेले, आवाज खालचा. फक्त त्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं.

"आजी, हलू नका हं," मी हळूच म्हटलं.

"मी कुठं हलायलोय बाई? गुडघा धरलाय."

मग त्यांनी मान न वळवता विचारलं, "मागं काय आलंय काय? गार गार लागायलंय हाताला." जाळीतून कांडीचं नाक त्यांच्या कोपराला टेकलं होतं. त्यांनी हात काढला नाही, कुरवाळलंही नाही. पुढचा घाटा सोलला, दाणा मागं सोडला आणि मामांना म्हणाल्या, "तिळाचं तेल बरं की मोहरीचं?"

मुलगा बघत होता. "हे? हे तर भित्रं आहे. हे काय राखण करणार?"

"मला राखण कशाला रे पायजे?" आजी म्हणाल्या. "चोरानं न्यायला माझ्याकडं हाय काय, हा गुडघा? तुझे वडील गेल्यापास्नं रात्री बोलायला कोण न्हाई. टीव्हीला बोललं तर त्यो आपलंच सांगत बसतोय."

खूप लोक राखण मागायला येतात आणि त्यांना हवी असते सोबत. ते त्यांनाही माहीत नसतं आणि मागायची लाजही वाटते. मुलानं शेवटचा आधार घेतला. आई दत्तभक्त, पंत बाळेकुंद्रीचा उत्सव चुकवत नाही, घरात सोवळं, कुत्रं आत कसं घ्यायचं?

"दत्ताच्या पायाशी चार बसलीत," आजी म्हणाल्या. "ती कुणी अंगणात बांधलीत काय?"

तरीही त्या दिवशी मी कांडी दिली नाही. पहिल्या भेटीत आम्ही देत नाही, आणि कांडीसारखी तर नाहीच. एक चांगली दुपार म्हणजे तयारी नव्हे. पुढच्या रविवारी दादानं आजींना परत आणलं, त्याच्या पुढच्यालाही. एका सकाळी मी आणि मामा घर बघून आलो. मागच्या दाराला फट होती, ती बुजवून घेतली. अटी लिहून दिल्या. रात्री आत झोपेल, साखळी नाही, आणि पहिले काही आठवडे बाहेर काढताना गळ्याचा पट्टा आणि छातीचा हार्नेस दोन्ही, दोन वेगळ्या दोऱ्यांना. घाबरट कुत्रं नव्या जागेत पहिल्या दिवसांतच सुटतं, आणि तिथं सुटली असती तर पलीकडं जंगलच होतं. नसबंदी, रेबीजची लस, नाईन इन वन ही इतर रोगांवरची एकत्र लस, जंताचं औषध, सगळं झालेलं होतं. कार्ड आजींच्या पिशवीत घातलं.

आमच्यात एक ढोबळ हिशोब आहे. तीन दिवस बिचकण्याचे, तीन आठवडे घराची घडी समजण्याचे, तीन महिने घर आपलं वाटण्याचे. कांडीनं तो पाळला नाही. ती भाताच्या कणगीमागं जाऊन बसली आणि दिवसा बाहेरच येईना. आजी झोपल्यावर ताटली रिकामी करायची. दादाचा चाकणवरून फोन आला, "मॅडम, हे भुंकतसुद्धा नाही. बदलून मिळेल काय?" मी म्हटलं, आईंना विचारा. आईंनी त्याला काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण तो विषय परत निघाला नाही.

मार्चमध्ये मी भेटीला गेले. कांडी आजींच्या मागोमाग परसात हिंडत होती, दोन पावलं अंतर राखून, काजूच्या झाडांपर्यंत आणि परत. मला बघून मात्र सरळ कणगीमागं. एवढा पेपर वाचून दाखवला होता, पण ओळख दाखवली नाही. आजींना वाईट वाटलं. मला नाही वाटलं. म्हणजे थोडं वाटलं.

परवा आजींचा फोन आला. रेंजसाठी त्या बांधावर उभ्या होत्या, वारा येत होता.

"अगं बाई, हिला कांदा द्यायचा न्हाई म्हणालीस. आमच्या घरात कांद्याशिवाय काय शिजतंय सांग की?"

म्हटलं, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो, शिजवला तरी बाधतो. फोडणी घालायच्या आधी तिचा भात बाजूला काढा, त्यात अंडं कुस्करून घाला, मीठ नको.

"म्हणजे आधी तिचं आणि मग माझं?"

"होय आजी."

"बरं," त्या म्हणाल्या. "आणि ती पुढची सुई कधी हाय ते त्याला फोन करून सांग. त्यो येतोच म्हणालाय या खेपेला, सुईच्या निमित्तानं."