एक कविता पुरत नाही का?

पालकसभा संपली की दोन-तीन पालक टेबलापाशी रेंगाळतात आणि त्यातलं कुणीतरी हमखास विचारतं, "बाई, सातवीतल्या पोरांना एक कविता धड समजत नाही, तुम्ही दोन-दोन एकदम कशाला देता? तुलना करायला ही काय एम.ए.ची मुलं आहेत?" शिक्षकखोलीतही हाच प्रश्न येतो, फक्त जरा साखरेत घोळवून. सातवी-आठवीला मराठी शिकवताना मी असं का करते, ते एकदा सविस्तर लिहिते.

एक कविता समजत नाही म्हणूनच मी दोन देते. एकटी कविता समोर असली की संवाद ठरलेला. "कशी वाटली?" "छान." "काय छान आहे?" "सगळंच." पुढे गाडी सरकत नाही. शेजारी दुसरी ठेवली, की पहिलीत काय आहे ते दिसायला लागतं, कारण दुसरीत ते नसतं.

आणि तुलना या मुलांना मी शिकवायची गरजच नाही. गणपतीनंतरच्या आठवड्यात आमच्या वर्गात येऊन बसा. कुठल्या ढोल-ताशा पथकाचं वादन भारी, यावर हमरीतुमरी चाललेली असते. तिथे "आमचं भारी" एवढं म्हणून कुणी सुटत नाही. "ठेका बदलला तेव्हा त्यांचे मागच्या रांगेतले ढोल मागे पडले, मी लक्ष्मी रोडला उभा होतो," असा साक्षीपुरावा द्यावा लागतो. हीच मुलं कवितेपाशी आली की "कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे" म्हणून मोकळी होतात. कवितेवरूनही भांडता येतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून वर्षाची सुरुवात मी कवितेने करतच नाही, चिऊ-काऊपासून करते. मेणाचं घर, शेणाचं घर, पाऊस, "चिऊताई चिऊताई दार उघड". गृहपाठ एवढाच, की घरी आजीला, आईला, शेजारच्या काकूंना ही गोष्ट विचारायची आणि जशी सांगतील तशी लिहून आणायची. सुधारायची नाही. दुसऱ्या दिवशी एकच गोष्ट निरनिराळ्या तोंडांनी वर्गात येते. एका घरातला कावळा तव्यावर बसून भाजतो, दुसऱ्या घरातला खिरीवर ताव मारून लपतो, तिसऱ्या घरात चिमणी त्याला आत घेते आणि गोष्ट गोडीगुलाबीने संपते. आमच्याकडे बीड, सोलापूर, कोकण, कुठून कुठून पुण्यात आलेल्या घरांतली मुलं आहेत, त्यामुळे मालाला तोटा नसतो.

मग मी फळ्यावर एकच प्रश्न लिहिते: सांगणारी कुणाच्या बाजूची? वर्ग तापतो. "चिमणीच्या!" "कशावरून?" "कावळा शेवटी भाजतो ना." "पण आमच्यात नाही भाजत." एका वर्षी मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "बाई, बाळाला अंघोळ घालते, पावडर लावते, टीट लावते, असं ती इतक्या वेळा थांबवते. दार उघडायला एवढा वेळ लागतो का? ती मुद्दाम करतेय." तोवर मी स्वतः ती गोष्ट अशी कधी ऐकली नव्हती. मग ते "थांब" किती वेळा येतं ते सगळ्यांनी आपापल्या वहीत मोजलं. जिथे दोनदाच येतं तिथे चिमणी कामात गुंतलेली वाटते, जिथे सहा वेळा येतं तिथे खडूस. पुनरावृत्तीचा परिणाम म्हणजे काय, यावर मला वेगळा तास घ्यावा लागला नाही.

यानंतर जातं. शनिवार पेठेतला एक वाडा पाडायला काढला होता, तिथलं एक जातं मी शाळेत आणून ठेवलंय. ग्रंथालयाच्या कोपऱ्यात असतं. मुलं दोघं-दोघं समोरासमोर बसतात, खुंटा धरतात, मी मूठभर ज्वारीची वैरण, म्हणजे दळायचे दाणे, जात्याच्या तोंडात घालते. पहिले चार फेरे हसण्यात जातात. मग दंड भरून येतात, बोलणं बंद होतं आणि दगडाची घरघर तेवढी उरते. अशा वेळी लांबलचक ओळ म्हणून बघा म्हणावं. दम पुरत नाही. मग जनाबाईंचा अभंग हातात देते: "दळिता कांडिता, तुज गाईन अनंता". फेऱ्यागणिक एक तुकडा बरोबर बसतो. छंदाची व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा हे बरं, असं आपलं माझं मत. शाळेच्या शिपाईमावशींचं मत वेगळं आहे, पीठ त्यांना झाडावं लागतं.

त्या अभंगाशेजारी बहिणाबाई चौधरींची घरोट्यावरची कविता. घरोटा म्हणजे जातंच. जनाबाई तेराव्या-चौदाव्या शतकातल्या, नामदेवांच्या घरी राबणाऱ्या. बहिणाबाई खानदेशातल्या, 1951 साली गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्यांच्या कवितांचं पुस्तक 1952 साली, त्यांच्या पश्चात निघालं. इतकी माहिती मी देते, पण शेवटी. आधी दिली की मुलं कविता सोडून माहितीच लिहितात: "जनाबाई संत होत्या, बहिणाबाई संत नव्हत्या." झाली तुलना!

बहिणाबाई म्हणतात,

"अरे घरोटा घरोटा, तुझ्यातून पडे आटा
तसं तसं माझं गानं, पोटातून येतं व्होटा"

'व्होटा' पाशी वर्ग अडतो. जळगावकडची आजी असलेली एक मुलगी होती, एरवी तोंडातून शब्द न काढणारी. त्या दिवशी तिला भाव आला. "ओठात, ओठात," ती वैतागून म्हणाली, एवढं कसं कळत नाही अशा सुरात. मग प्रश्न एकच: दोघीही दळताना गातात, तर गाण्याबद्दल दोघी काय सांगतात? बराच वेळ "दोघींना देव आवडतो", "दोघी कष्टाळू" असं चालतं. "बोट ठेवा ओळीवर," मी म्हणत राहते. मग कुणाला तरी दिसतं, की एकीने गाणं कुणाकडे जातं ते सांगितलंय आणि दुसरीने ते कुठून येतं ते. "तुज गाईन" आणि "पोटातून येतं". या दोन ओळी शेजारी ठेवल्या नसत्या तर हे मुलांना दिसलं नसतं. मोठ्यांनाही दिसलं असतं का, मला शंका आहे.

एकदा चर्चा भलतीकडेच गेली. जनाबाईंच्या अभंगाच्या शेवटी "म्हणे नामयाची दासी" येतं. सहावीतून नुकतीच वर आलेली एक मुलगी म्हणाली, "स्वतःची कविता आहे, मग सही करताना मालकाचं नाव कशाला?" दुसरी म्हणाली, "तिला त्याचा अभिमान असेल." तास संपला तरी निकाल लागला नाही आणि मीही लावला नाही. त्या आठवड्यात जात्यावरच्या ओव्या वाचून दाखवल्या. पुण्यातल्याच हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या संशोधकांनी खेडोपाडी बायकांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. तिथे तर पुष्कळदा मायलेकी आणि बहीण-भाऊच असतात. मुलांनी लगेच तिसरा रकाना आखला.

रकान्यावरून आठवलं. विज्ञानात "वनस्पती पेशी आणि प्राणी पेशी यांतील फरक लिहा" करून मुलांना मधे उभी रेघ मारायची सवय लागलेली असते. मी रेघ मारू देते, पण कच्च्या वहीत. पक्क्या वहीत त्यातली एकच ओळ घ्यायची आणि तिचा परिच्छेद करायचा, दोन्हीकडचे शब्द उद्धृत करून. आणि एक चाळणी लावायची: आपलं वाक्य दुसऱ्या कुठल्याही कवितेला जसंच्या तसं चिकटत असेल, तर ते खोडायचं. "प्रस्तुत कवितेतून कवयित्रीने मोलाचा संदेश दिला आहे" हे वाक्य या चाळणीत दर वर्षी पडतं. गाईडांनी ते इतकं घोटवून घेतलंय की मुलं झोपेतही लिहितील.

आठवीला मी विडंबन घेते: केशवसुतांची "आम्ही कोण?" आणि आचार्य अत्र्यांनी "झेंडूची फुले" मध्ये तिचं केलेलं विडंबन. हसू लगेच येतं, पण नेमक्या कुठल्या शब्दाला आलं ते दाखवावं लागतं. त्यासाठी मूळ कविता बारकाईने वाचणं भाग पडतं. मुलांना वाटतं मजा चाललीय, मी काही बोलत नाही.

"मार्कांचं काय?" हा पुढचा प्रश्न. नववी-दहावीला रसग्रहण येतं, स्वमत येतं, तिथे याचा उपयोग होतोच. पण त्यासाठी मी हे करत नाही, आणि होईल असं आश्वासनही देत नाही. काही मुलं वर्षअखेरीसही "दोन्ही छान" वरच असतात. "कवितेची चिरफाड होते" ही तक्रारही ऐकते. तिच्यात तथ्य आहे, म्हणून बालकवींची "औदुंबर" मी कशाच्याच शेजारी ठेवत नाही. मोठ्याने वाचते आणि पुढचा धडा काढायला सांगते.

घरी काय करून घ्यायचं, असं विचाराल तर वेगळी पुस्तकं आणू नका. एकाच सामन्याच्या बातम्या दोन वर्तमानपत्रांत शेजारी ठेवा आणि विचारा, कुठला बातमीदार हरलेल्यांच्या बाजूचा? उत्तर आलं की "कशावरून?" विचारा. फक्त एक सांगून ठेवते, हा प्रश्न उलटतो. आमच्या वर्गात मी "आज गृहपाठ थोडाच आहे" म्हटलं, की चाळीस तोंडांतून येतं, "कशावरून?"