गुडघाभर पाण्यातला मंत्र

परवा दुपारी ओसरीवर जरा डोळा लागत होता, तेवढ्यात नात खराट्यातली हीर उपसून मांजरावर रोखताना दिसली. तोंडाने काहीतरी पुटपुटणं चालू. मांजराने जांभई दिली आणि कूस बदलली.

"आजोबा, मंत्र लागत का नाही?"

"हीर ओली आहे," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? माझी शिकवणी तर रीतसर झाली होती, तरी माझाही कुठे लागला!

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. खाली कारवार-अंकोल्याकडे भर दुपारी सूर्य पुरता झाकला जाणार होता, आमच्या वेंगुर्ल्याकडे कणभर उरणार होता. शेजारचे आबा विंचू उतरवायचे. ग्रहणात कमरेभर पाण्यात उभं राहून जपला की मंत्र सिद्ध होतो, आणि यंदा ते मला देणार होते. आई घरातल्या पाण्यात तुळशीची पानं टाकत होती तेव्हा मी मागच्या दाराने सटकलो.

फेब्रुवारीत आमच्या व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, पाणी जेमतेम गुडघ्याला. आबांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"पाणी कमरेक लागाक व्हया. बस खाली."

बसलो. वर उजेड फिकट, आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा. कावळे माडांवर परतायला लागलेले. आबा कानात एकेक ओळ सोडत होते आणि मी दात वाजवत ती परत म्हणत होतो. तिसऱ्या ओळीत एक शब्द कुठल्याच भाषेतला नव्हता. मी विचारलं. आबा भडकले. "मंत्राचो अर्थ इचारूचो नसता!" बाकीचे नियम सोपे होते: कोणाला सांगायचा नाही, पैसा घ्यायचा नाही, बोलावणं आलं की जेवणावरून उठायचं. हा शेवटचा नियम मला फार जड वाटला होता, विशेषतः बांगड्याच्या दिवसांत.

आजीचा कारभार वेगळा. ती मीठ, मोहऱ्या, मिरच्या उतरून चुलीत टाकायची आणि ठसका लागला नाही की म्हणायची, "बघ, दृष्ट केवढी होती!" ठसका लागला तर मिरच्या चांगल्या. देवळातल्या गाऱ्हाण्यात मात्र मला आजही खरा दम वाटतो, पण तो गाऱ्हाणं घालणाऱ्याचा नव्हे, मागून साऱ्यांच्या तोंडून येणाऱ्या "व्हय म्हाराजा!"चा. एकट्याने ओसरीवर गाऱ्हाणं घालून बघा, घशाखालून उतरत नाही.

आबांचा मंत्र लागायचा. काळा इंगळा, म्हणजे मोठा काळा विंचू, चावला की माणूस रात्रभर कळवळतो आणि बहुधा सकाळी उठून कामाला जातो. रात्र मंत्राने काढली काय नि शिव्यांनी काय. तांबडा विंचू वेगळा. चिऱ्याच्या गडग्यात, लाकडांच्या राशीत असतो, बोटाएवढाही नाही. चावल्यावर घाम, ओकाऱ्या, मग हातपाय गार. वाडीतलं एक पोर असं गेलं. आबा पहाटेपर्यंत त्याच्या उशाशी होते. नंतर कित्येक दिवस कोणाशी बोलले नाहीत.

पुढे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी याच विंचवावर प्राझोसिनची गोळी लागू पडते हे दाखवून दिलं, आणि ती गोष्ट फिरत फिरत आमच्याकडेही आली. तेव्हापासून आबा रिक्षात पेशंटशेजारी बसून दवाखान्याच्या दारापर्यंत मंत्र म्हणायचे. दारात थांबायचे. "आता पुढचा तेंचा," म्हणून विडी पेटवायचे. विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्रावर ठेवणं २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरलं, पण तोवर आबाच राहिले नव्हते.

मला आता दोनच ओळी आठवतात. तिसरी त्या शब्दापाशी अडते.

"मग आपल्याकडे पुढचं सूर्यग्रहण कधी?" नातीने विचारलं आणि स्वतःच मोबाइलमध्ये बघून आली. २ ऑगस्ट २०२७.

ऐन पावसात. सूर्य ढगात, आणि व्हाळाला दोन पुरुष पाणी. हिची आई कशाला सोडत्येय!