कुबड्या आम्ही देतो, तुम्ही फक्त या

माझ्या धाकट्या भावाचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला, त्याला आता चार वर्षं होतील. हॉस्पिटलमध्ये आम्हाला जखमेची काळजी कशी घ्यायची, स्टंपला, म्हणजे पायाच्या उरलेल्या भागाला, पट्टी कशी बांधायची, कृत्रिम पायाचं माप कधी घेणार, सगळं नीट समजावून सांगितलं. पण हा मुलगा परत फुटबॉल खेळू शकतो हे एकानेही सांगितलं नाही. आणि अपघाताच्या आदल्या दिवसापर्यंत रोज खेळणारा मुलगा होता हो तो. ते मला अजून टोचतं, म्हणून आज लिहायला बसले.

त्याला ते कळलं ते घरातच. कुबड्यांवर चालताना एक रिकामा प्लास्टिकचा डबा वाटेत आला आणि याने दोन्ही कुबड्या पुढे टेकवल्या, अंग झोकलं आणि डाव्या पायाने तो असा काही उडवला की थेट दारावर जाऊन आदळला. आम्ही दोघंही गप्प. मग म्हणाला, "ताई, तो डबा दे ना इकडे." दिला. परत मारला. अर्धा तास तेच चाललं होतं.

नंतर शोधाशोध केली तर कळलं की या खेळाची सुरुवातच जवळपास अशी झालीये. अमेरिकेत सिएटलला डॉन बेनेट नावाचे एक गृहस्थ होते, एक पाय नव्हता, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कुबड्यांवर उभे असताना त्यांनी समोरचा बास्केटबॉल सहज लाथेने उडवला आणि त्यातून अ‍ॅम्प्युटी फुटबॉल, म्हणजे हात किंवा पाय नसलेल्यांचा फुटबॉल, निघाला. आज त्याची जागतिक संघटना आहे, वर्ल्ड कप होतो, २०१८ चा अंगोलाने जिंकला, २०२२ चा तुर्कस्तानने इस्तंबूलमध्ये, फायनलला अंगोलालाच ४-१ हरवून. २०२४ ला कोलंबियात महिलांचा पहिला वर्ल्ड कपही झाला.

नियम सांगते, कारण लोक सगळ्यात आधी तेच विचारतात. एका टीममध्ये सात जण. मैदानातले सहा जण एका पायावर आणि दोन कुबड्यांवर खेळतात, कृत्रिम पाय मॅचच्या वेळी काढून ठेवायचा. म्हणजे "महागडा पाय लागत असेल ना" हा जो प्रश्न असतो त्याचं उत्तर सरळ नाही असंच आहे, कोपराला आधार देणाऱ्या साध्या कुबड्या लागतात बस. कुबडीने मुद्दाम बॉल अडवला की हँडबॉलसारखा फाऊल, स्टंपने अडवला तरी तेच. स्लायडिंग टॅकल, म्हणजे घसरत जाऊन बॉल काढणं, नाही, ऑफसाइड नाही, पंचवीस-पंचवीस मिनिटांचे दोन हाफ. आणि गोलकीपर दोन पायांचा पण एका हाताचा, त्याने पेनल्टी एरिया सोडायचा नाही. जन्मतःच हात किंवा पाय अपुरा असेल तरी खेळता येतं, हे खूप जणांना माहीत नसतं.

बघताना सगळ्यात आधी जाणवतो तो आवाज. बारा जणांच्या चोवीस कुबड्या एकदम टर्फवर पडतात, टप टप टप, आणि मध्येच दोन कुबड्या एकमेकींवर आदळल्या की खण्णकन वाजतं. शॉट मारताना दोन्ही कुबड्या पुढे रोवल्या जातात, सगळं वजन हातांवर येतं आणि पाय घड्याळाच्या लंबकासारखा मागून पुढे येतो. पहिल्या दोन महिन्यांत भावाच्या अंगठ्याच्या बेचक्यात फोड यायचे, फुटायचे, परत यायचे. कुबडीच्या तळाची रबरी टोपणं झिजून सपाट व्हायची. पाय दुखतो असं तो कधीच म्हणाला नाही, दुखायचे ते दंड.

आता मुद्द्यावर येते. या खेळाचा प्रचार आम्ही आधी साफ चुकीचा केला. प्रेरणादायी सामना वगैरे मोठ्या अक्षरात छापलं, पाहुणे बोलावले, भाषणं झाली, फोटो झाले, लोकांचे डोळे पाणावले आणि मॅच जेमतेम वीस मिनिटांची झाली कारण मैदानाची वेळ संपली. त्या दिवशी आलेल्यांपैकी नवीन खेळाडू एकही नाही. भाऊ घरी येऊन म्हणाला, "मी दोन गोल मारले, त्यावर कोणी एक शब्द बोललं नाही." मला फार वाईट वाटलं, कारण मीसुद्धा बोलले नव्हते.

पुढचं पोस्टर त्यानेच लिहिलं. एक पाय आहे? एक हात आहे? फुटबॉल खेळायला या, कुबड्या आम्ही देतो. एवढंच, आणि खाली फोन नंबर. ते आम्ही कृत्रिम पाय बसवून देतात त्या केंद्रांत, फिजिओथेरपीच्या खोल्यांत, हाडांच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये लावलं. पाय गेल्यावर पहिले कित्येक महिने माणूस तिथेच तर बसलेला असतो, मैदानाकडे कशाला फिरकेल तो! हळूहळू फोन यायला लागले. एका टर्फवाल्याने कुबड्यांनी टर्फ फाटेल म्हणून नाही म्हटलं होतं, त्याला रबरी टोपणं हातात देऊन दाखवली तेव्हा तयार झाला.

अडलं ते गोलकीपरवर. एक हात नसलेली माणसं आम्हाला मिळेचनात, कारण ती पायाच्या केंद्रात येतच नाहीत, आणि फुटबॉल म्हटलं की त्यांना वाटतं हे पाय गेलेल्यांसाठी आहे. मग एके दिवशी एका आईंचा फोन आला, मुलाला जन्मापासून डावा हात मनगटापासून नाही, पाय मात्र दोन्ही आहेत, चालेल का हो? मी जवळजवळ ओरडलेच. आज तो पोरगा उजव्या हाताने असे बॉल अडवतो की भाऊ चिडून कुबडी आपटतो.

पोलंडच्या मार्चिन ओलेक्सीचा गोल तुम्ही बघितला असेल, कुबड्यांवर हवेत झेप घेऊन मारलेला, त्याला २०२२ चं फिफाचं पुश्काश अवॉर्ड, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात सुंदर गोलचं बक्षीस, मिळालं. दोन पायांच्या खेळाडूंच्या गोलांशी स्पर्धा करून मिळालं ते. आणि २०१७ ला इस्तंबूलमध्ये याच खेळाची तुर्कस्तान-इंग्लंड युरो फायनल बघायला ४० हजारांच्या आसपास लोक होते, तुर्कस्तानने अगदी शेवटी गोल करून २-१ जिंकली. ते लोक काय रडायला आले होते का, मॅच बघायला आले होते! पॅरालिम्पिकमध्ये मात्र हा खेळ अजून नाही, अंध खेळाडूंचा फुटबॉल २००४ पासून आहे. मला वाटतं तिथे पोचायचं तर आधी ठिकठिकाणी टीम उभ्या राहायला हव्यात.

आमच्याकडे आता अकरा खेळाडू आणि एक कीपर आहे. म्हणजे आपापसात नीट मॅच होत नाही, एका गोलमध्ये कीपर आणि दुसऱ्यात दोन बॅगा. ग्लोव्हज जोडीनेच मिळतात आणि आमचा कीपर उजवाच वापरतो, त्यामुळे किट बॅगेत डाव्या हाताचे तीन ग्लोव्हज कोरे पडलेत. फक्त डावाच हात असलेलं कोणी ओळखीत असेल तर त्यांना नक्की सांगा.