डाग कुठून आला ते आधी ठरवा

पीटरबिल्ट ३५९ या ट्रकची केबिन ॲल्युमिनियमची असते. हे एकदा कळलं की त्याच्या छोट्या मॉडेलच्या दारांवर तांबडा गंज रंगवायला हात धजत नाही. चॅसी पोलादी, ती गंजते. साखळ्या गंजतात, स्प्रिंगची पानं गंजतात. केबिनचा रंग खरवडला गेला तर मात्र खाली निस्तेज राखाडी धातू दिसतो आणि फार तर त्यावर पांढुरका थर धरतो. तरीही या ट्रकची कितीतरी मॉडेलं दारांवर तपकिरी ओघळ घेऊन उभी असतात. ओघळ रंगवलेले असतात इतक्या कसबाने, की पाहून हळहळ वाटते.

सध्या माझ्या टेबलावर हाच ट्रक आहे, एएमटी या कंपनीच्या १/२५ किटमधला, म्हणजे खऱ्याच्या पंचविसाव्या हिश्शाएवढा. खरा ३५९ बनत होता १९६७ ते १९८७ या काळात. माझ्या ट्रकचं आयुष्य मी असं ठरवलंय: सुरुवातीची बरीच वर्षं लांब पल्ल्याची मालवाहतूक, मग दुसऱ्या मालकाने तो घेतला आणि जंगलातून ओंडके ओढायला जुंपला. एवढं ठरल्याशिवाय मी रंगाची बाटली उघडत नाही. पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

उदाहरणार्थ, स्लीपर. लांब पल्ल्याच्या ट्रकला केबिनमागे झोपायची जागा लागते; रोज जंगलात जाऊन घरी येणाऱ्याला तिचं ओझं कशाला? म्हणून नव्या मालकाने ती काढून टाकली. मग केबिनच्या मागच्या भिंतीतलं भगदाड त्याने कशाने तरी बंद केलं असणार. मी ते स्टायरीन या प्लॅस्टिकच्या ०.२५ मिलिमीटरच्या पत्र्याने बंद केलं. या स्केलला तो पत्रा खऱ्या ६ मिलिमीटरचा होतो, म्हणजे जाडच. म्हणून कडा आतल्या बाजूने घासून पातळ केल्या. रिव्हेटचे उठाव उमटवले सुईने, पत्रा चिकटवण्याआधी मागून दाबून. पट्टीला लावून समान अंतरावर खुणा केल्या नाहीत तर रिव्हेटची रांग लगेच डोळ्याला खुपते.

आता खरी मजा. जिथे स्लीपर टेकलेला होता तिथे ऊन पोचलंच नाही. त्यामुळे तिथला रंग अजून ताजा राहणार आणि बाकीची केबिन विटलेली असणार. मी आधी सगळी केबिन गडद लाल फवारली, स्लीपरच्या आकाराची टेप लावली आणि मग विटवलेला लाल वरून मारला: टपावर आणि बॉनेटच्या माथ्यावर जास्त, दारांवर कमी, दारांच्या खालच्या पट्टीवर जवळजवळ नाहीच. लाल फिका करायला पांढरा घालू नका, गुलाबी होतो. थोडा कातडीचा रंग किंवा पिवळसर बदामी घाला, विटकेपणा आपोआप येतो. वार्निशही सगळीकडे सारखं नको. टपावर मॅट, दारांवर किंचित चमक ठेवणारं. टेप काढली तेव्हा मागच्या भिंतीवर तो ताजा लाल चौकोन दिसला आणि मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले. ट्रकवर आज नसलेल्या वस्तूची खूण! वेदरिंगमधलं, म्हणजे मॉडेल वापरून जुनं झाल्यासारखं रंगवण्यातलं, माझं सगळ्यात आवडतं काम हेच.

रंगाचे टवके उडवायचे तर आधी गुणाकार करा. १/२५ मध्ये मॉडेलवरचा १ मिलिमीटर म्हणजे खरे २५ मिलिमीटर. चाकाने उडवलेल्या खड्याने एवढा टवका निघत नाही. म्हणून बॉनेटच्या पुढच्या कडेवर मी फाटक्या स्पंजच्या तुकड्याने रंग टेकवते. तोही आधी कागदावर टिपून, जवळजवळ कोरडा झाल्यावर.

केबिनच्या मागे उभी जाळी आणि मागच्या ॲक्सलवरचा ओंडके ठेवायचा आडवा पाळणा हे मात्र पोलादी, आणि रोज ओंडक्यांचा मार खाणारे. हे दोन्ही मी स्टायरीनच्या पट्ट्यांतून बनवले. इथे हेअरस्प्रेची पद्धत वापरायची. खाली गंजाचे दोन-तीन तपकिरी, त्यावर वार्निश, वाळलं की हेअरस्प्रेचे दोन पातळ हात, आणि वर पाण्यात पातळ केलेला ॲक्रिलिक रंग. अर्ध्या तासाने कोमट पाण्याने ओलं करून आखूड, ताठ केसांच्या ब्रशने घासलं की खालचा हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा रंग तुकड्यातुकड्याने सुटतो. घासायचं तिथेच, जिथे ओंडका खरोखर घासतो: पाळण्याच्या तळाला आणि उभ्या खुंटांच्या आतल्या बाजूला. सतत घासल्या जाणाऱ्या पोलादावर गंज टिकत नाही, म्हणून तिथे शेवटी पेन्सिलीचं शिसं चोळायचं. गंज धरतो तो त्याच्या आजूबाजूला.

डिझेलचा ओघळ टाकीच्या झाकणापासूनच निघतो. टाकी गोल, त्यामुळे ओघळ तिच्या पोटावरून वळत खाली येतो. डिझेल तेलकट, त्यावर धूळ बसते. मध्ये ओलसर चमक आणि कडेला धुळीची किनार. यासाठी मी तैलरंग वापरते, पण आधी तो पुठ्ठ्यावर काढून ठेवते. पुठ्ठा जवस तेल शोषून घेतो, रंग लवकर आणि मॅट वाळतो. चमक हवी तिथे नंतर ग्लॉस वार्निशचा एक थेंब.

चिखल रंगवताना चाकाकडे पाहा. पुढचं चाक चिखल फेकतं पायरीवर आणि टाकीच्या पुढच्या तोंडावर. जुना चिखल वाळून फिका झालेला, नवा गडद. पिगमेंट, म्हणजे रंगाची कोरडी भुकटी, ॲक्रिलिक मीडियममध्ये कालवून ब्रशवर घ्यायचं आणि एअरब्रशच्या नुसत्या हवेने उडवायचं, शिंतोडे योग्य दिशेने जातात. पिगमेंट हाताळताना मास्क लावा, ती भुकटी फुप्फुसात जाऊ नये.

आणि जिथे माणसाचा हात-पाय लागतो ती जागा मोकळी सोडा. पायरीची मधली पट्टी बुटांनी घासलेली, दाराच्या मुठीभोवती धूळ पुसलेली, काचेवर वायपरचा कमानदार पट्टा स्वच्छ. या पट्ट्यासाठी धूळ फवारण्याआधीच टेपची कमान कापून लावावी लागते. दिवेही स्वच्छच हवेत. पोट ज्याच्यावर आहे तो ट्रक कुणी पूर्ण घाणीत चालवत नाही, आणि अंधारात जंगलातून खाली उतरणारा माणूस दिवे पुसल्याशिवाय निघत नाही.

आता उरलाय माल. १२ मीटरचा ओंडका इथे ४८ सेंटीमीटरचा होतो, बुंध्याशी अर्धा मीटर जाड म्हणजे २ सेंटीमीटर. एवढी सरळ, हळूहळू निमुळती होत गेलेली फांदी सापडणं कठीण. सापडली तरी आधी पूर्ण वाळवावी लागते, नाहीतर आक्रसून साल सुटते. टोकं बारीक दातांच्या करवतीने ताजी कापते, कारण तोडलेल्या ओंडक्याचं तोंड सालीपेक्षा पुष्कळ उजळ असतं. सालीच्या भेगा २ मिलिमीटरच्या झाल्या की ती फांदी बाद. खऱ्या ओंडक्यावर ती भेग ५ सेंटीमीटरची होईल. आतापर्यंत सहा फांद्या मनासारख्या मिळाल्यात. पाळणा भरायला अजून तेवढ्याच हव्यात.